ताई झोपली आहे, असं तू लिहिलं होतं

बंटी, मी तुझ्याशी भांडायला बसली आहे. रडायला घरात लोकं आहेत, आई आहे, मावशी आहे, ते रडून राहिले. मी भांडते. उद्या पिहूच्या छातीचा रिपोर्ट येणार आहे अन् त्याच्या आत मला तुझ्याशी सगळं बोलून घ्यायचं आहे, कारण उद्या काय होईल अन् मी कोणाशी बोलायच्या लायक राहीन का, मला माहीत नाही. तुझ्याच कागदावर लिहून राहिली, एका बाजूनं छापलेल्या. माझं अक्षर नववीत सोडलं होतं तसंच आहे, हसू नको. पिहू मांडीवर आहे, एका हातानं तिला धरलं तर ओळ वर चढून राहिली. चढू दे.

पहिले हे सांग, तू मला काहून जिंकू दिलं?

दोन वर्षं बंटी. दोन वर्षं आपण त्या एका जपानी पुस्तकावरून भांडलो. तू सिविल लाइंसच्या त्या फोटोकॉपीच्या दुकानात कामाला लागला अन् पहिल्याच हप्त्यात पानं छापून आणली. म्हणे, ताई, हे उलटं वाचायचं असते, मागून पुढे, उजवीकडून डावीकडे. मी म्हटलं मला सरळ वाचता येत नाही, उलटं काय वाचू, अन् त्यात इंग्रजी.  दुसऱ्या दिवशी तू बसला व्हाइटनर घेऊन. चित्रातल्या माणसांच्या तोंडाजवळ ते बोलण्याचे फुगे असतात न, एक एक फुगा पांढरा केला, फुंकर मारून वाळवला, अन् काळ्या पेननं त्यात आपली मराठी भरली. आपली म्हणजे आपली, घरातली. जपानातला राक्षस म्हणतो, "काहून बे, लय शाना झाला का?" मी पोट धरून हसली. मंग स्पायरल लावून दिलं. असे सतरा स्पायरल आहेत माझ्या पलंगाखाली. माझ्या लग्नात भी मला कोणी इतकं दिलं नाही.

हिरोचं नाव माझ्या तोंडात बसे नाही म्हणून आपण त्याला झिपऱ्या म्हणायचो. झिपऱ्या नाव चालवते, भुतांच्या नदीवर, अन् नाव वल्हवायच्या चप्पूनं भुतं मारते. बस, इतकीच गोष्ट. पण वीस वर्षांपासून चालून राहिली म्हणे, अन् अजून संपली नाही.

तू वाचायला बसायचा, मी पिहूला पाजत ऐकायची, अन् मला सगळं पहिलेच माहीत असायचं.

"झिपऱ्या आता पडन."

"थांब न ताई, वाचू तर दे."

"पडला. आता डोळे मिटन. आता तीन पानं त्याची ताई. ताई त्याचे केस बांधून राहिली, ताई भात देऊन राहिली, ताई पाहून राहिली. मंग डोळे उघडन, चप्पू चमकन, एक फटका अन् भूत खतम. मंग भूत रडन, आपलं लहानपण सांगन, अन् नावेतच बसन. बंटी, नावेत आता जागा तरी आहे का? आपल्या ग्वारीघाटचा नावाडी भी इतके बसवत नाही."

"अगं लेखकाला दर हप्त्याला नवीन पानं काढावी लागतात. माणूस आहे तो."

"म्हणून काय तेच तेच दाखवन?"

"तू रोज वरण करते, मी बोलतो का?"

"बोलतो."

"हां, बोलतो," तू म्हणे, अन् आई आतून ओरडे की वरणावर जो बोलन त्यानं उद्या स्वतः करावं.

माझं म्हणणं एकच होतं न? ते मी शंभर वेळा सांगितलं असन. की ह्या झिपऱ्याची बहीण चांगली जिवंत आहे, गावात घरी झोपून राहते, तर हा इतकं काय आठवते तिला? दर वेळी पडला की ताई, दर वेळी ताई. जाऊन भेट न बाबा! दोन दिवसाची सुट्टी घे भुतांकडून अन् जाऊन ये. मी म्हणायची, लेखक आळशी आहे, जुनीच तीन पानं चिपकवते. अन् तू, जो मीठ कमी की जास्त ह्यावर अर्धा घंटा भांडत होता, तू पेननं कान खाजवायचा अन् म्हणायचा, "बरोबर आहे ताई. जिंकली तू."

मला वाटे मी हुशार आहे. खरंच सांगते. नववी नापास, पण बंटीला हरवते. सासरी जाऊन सांगायची मी हे.

तेरवी झाल्यावर तीन दिवसांनी तुझे ते दोघं आले, ज्यांच्याशी तू फोनवर ग्रुपमध्ये ह्याच पुस्तकावरून भांडायचा. अंशुल भैया, बँकेतला, अन् ती श्रेया, शाळेत शिकवते. तुझ्या फोटोसमोर बसले, श्रेया खूप रडली, मी चहा ठेवला, अन् चहा उकळेपर्यंत बाहेर सुरू झालं बंटी. तुझ्या फोटोसमोर! अंशुल भैया म्हणतो, "बंटी कहता था ये रिपिटेशन नहीं है, ठेका है। तबले का ठेका। वही-वही आता है तभी तो पता चलता है कि सम आई।" श्रेया नाक पुसत म्हणते, "ठेका-वेका कुछ नहीं, खींच रहे हैं। दो साल से एक ही लड़ाई चल रही है। उससे भी यही बोलती थी मैं।" "तुमने पूरा पढ़ा ही नहीं ढंग से।" "मैंने नहीं पढ़ा? मैंने?"

माझं डोकं फिरलं. इथं माझा भाऊ गेला अन् हे चप्पूवर भांडून राहिले. मी ट्रे आपटला. अन् मला वाटलं तुझी बाजू घ्यावी, पण तोंडातून माझंच निघालं, जुनंच. मी म्हटलं, "श्रेया दीदी सही बोल रही है। सब वही-वही है। बहन घर में अच्छी-भली सो रही है और ये दर बार उसको याद करके रोता है। मिल आए ना जाके!"

 अंशुल भैयानं ट्रे बाजूला सरकवला.

"दीदी," अंशुल भैया हळूच म्हणे, "कौन सी बहन?"

"अरे एकच तर आहे. ताई."

श्रेयानं त्याच्याकडे पाहिलं. मंग माझ्याकडे. "दीदी, वो तो मर गई थी। एकदम शुरू में। बुखार में। इसीलिए तो वो हर बार..." अन् थांबली.

मी आत गेली, चौथा स्पायरल आणला. ते पान मला पाठ आहे. ताई चटईवर पडली आहे, डोळे मिटलेले, झिपऱ्या बाजूला बसून आहे, लहान, त्याच्या हातात चप्पू. अन् तुझं अक्षर ताईच्या फुग्यात: "मी थोडी पडते रे. तू नाव बांधून ये." अन् खाली चौकटीत: "ताई झोपली आहे." अंशुल भैयानं ते पान खूप वेळ पाहिलं. मंग आपल्या फोनवर खरं पान काढून दाखवलं. ताईच्या फुग्यात काहीच नव्हतं बंटी. तीन ठिपके. नुसते तीन ठिपके. अन् खाली काय लिहिलं आहे विचारलं, तर तो वाचे नाही. मीच म्हटलं, समजलं, राहू द्या.

मला कळलं काहून. चौथा स्पायरल आला तेव्हा मला सातवा महिना होता. आईचा कायदा, दोन जीवांची आहे, मरणाची गोष्ट हिच्या कानावर जाऊ द्यायची नाही. समोरचे दुबे काका गेले तर मला सांगितलं ते सतनाला मुलाकडे गेले, अन् मी दुबे काकूला विचारलं भी, काका कधी येणार, ती बिचारी उठून गेली. टीव्हीवर कोणी मेलं की आई मध्ये येऊन उभी राहायची. अन् तू आईचं ऐकलं. तू जपानातल्या बाईलाही सतनाला पाठवलं.

बरं. तेव्हा ठीक. पण पिहू झाली, सव्वा महिना झाला, तिचं उष्टावण झालं, ती चालायला लागली, तेव्हा सांगायचं न! एका शब्दात हरली असती मी. "ताई, ती मेली आहे," बस. तुझ्या हातात होतं अन् तू ते दाबून ठेवलं अन् हरत राहिला, हरत राहिला, अन् मी मूर्खासारखी लेखकाला आळशी म्हणत राहिली. तो बिचारा दर वेळी तीच तीन पानं काढत होता कारण त्याच्याजवळ तिची तेवढीच होती. नवीन कुठून आणन? आता माझ्याजवळ तुझी किती आहेत, मोजू का? सारखी तीच तीच येतात. फुंकर मारून व्हाइटनर वाळवून राहिला. पेननं कान खाजवून राहिला. दुसरं काही येतच नाही.

पण मी ह्याच्यासाठी रागावली नाही. रागावली आहे, पण जास्त राग दुसरा आहे, तुला माहीत आहे कोणता.

सराफ्यात. पिहूचे वाळे घ्यायला गेलो होतो, सोनाराच्या दुकानाचा तो सरळ उभा जिना, तू दोन दोन पायऱ्या चढला अन् वर पोहोचताच भिंत धरली अन् खाली बसला, बसला म्हणजे पडला. डोळे उलटे. मी किंचाळली. एक मिनिट झाला असन, तू डोळे उघडले, माझं तोंड पाहिलं अन् हसला. "झिपऱ्या उठला," तू म्हणे. सोनार पाणी घेऊन उभा अन् तू त्याला विचारून राहिला, भैया, वाळ्यात घुंगरू किती येतील. मंग रस्त्यात तू माझा हात पिहूच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, आईला सांगायचं नाही. म्हणे, बाबा फॅक्टरीच्या आवारात पडले तेव्हापासून आई कशी झाली तुला माहीत आहे. जेवलो नव्हतो म्हणून चक्कर आली. तू म्हटलं अन् मी मानलं.

दुसऱ्यांदा कुंडमच्या रस्त्यावर, अंशुल भैयाच्या बहिणीच्या लग्नाहून येताना, स्कूटर बंद पडली, तू चढावर ढकलून राहिला. पडला. उठला. पुन्हा तेच, झिपऱ्या उठला. पुन्हा शपथ. मी म्हटलं बंटी, दाखवून देऊ. तू म्हणे, "अगं पडणं आपला फॉर्म्युला आहे. पडल्याशिवाय पावर येत नाही." अन् मी हसली. हसली बंटी मी!

तिसऱ्यांदाचं मी कोणाला सांगितलं नाही. आता लिहिते.

नळ गेला होता, सकाळी तू खालून बादल्या वर आणून राहिला, चौथी का पाचवी बादली, मी वर दारात पिहूला घेऊन उभी. तू शेवटच्या पायरीवर पडला. बादली खाली गेली गडगडत. शेजारची मिश्रा भाभी धावली, तिचा नवरा धावला, अन् मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "रुकिए, भीड़ मत करिए, वो उठता है। एक मिनट में उठ जाएगा।" मी सगळ्यांना थांबवलं. दोनदा पाहिलं होतं न. मला पाठ होतं. डोळे मिटले, आता उघडन. मी वाट पाहत उभी राहिली, तितका वेळ, जितका तीन पानं उलटायला लागते. मंग आणखी तितका. भाभीचा नवरा म्हणे, "बिटिया, ये उठ नहीं रहा।" तेव्हा मी खाली बसली.

डॉक्टर म्हणाले आधी आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. डॉक्टर चांगले होते म्हणून म्हणाले. मंग विचारलं, पहिले कधी असा पडला होता का? घरात कोणी असं अचानक गेलं का? आई म्हणे, याचे वडील, बेचाळीस वर्षांचे, पण त्यांना उन्हाची लू लागली होती. अन् पडण्याचं मी बोलली नाही. आई बाजूला होती. शपथ होती. तू मेला होता अन् मी तुझी शपथ पाळून राहिली होती. डॉक्टरनी तरी एक चिठ्ठी लिहिली अन् माझ्याच हातात दिली, म्हणे हृदयाचं मांस जाड होण्याची बिमारी असू शकते, घरात चालते, भाऊ बहीण लेकरं सगळ्यांचा इको करून घ्या, लवकर.

ती चिठ्ठी मी सतराव्या स्पायरलमध्ये ठेवून दिली. पंधरा दिवस, बंटी. तो अर्धाच आहे न सतरावा, तू फुगे पांढरे करून ठेवले होते, भरले नाहीत. माणसं तोंड उघडून उभी आहेत अन् बोलून काहीच नाही राहिले. त्यांच्यात ठेवली चिठ्ठी अन् पलंगाखाली ढकलली. पिहूचे पप्पा रेल्वेच्या ड्यूटीवर, हप्त्यानं येतात, त्यांना काय सांगू. पिहू धावली की मी पकडून बसवते. ती जोरात हसली तरी मला भीती वाटते. झोपली की तिच्या छातीवर कान ठेवते, धडधड, धडधड, मला काय समजते त्यातलं? मला फक्त इतकं समजते की चालू आहे. वाटे, नाही पाहिलं तर नाही राहणार. फुग्यात जे लिहिलं नाही ते झालंच नाही. तूच शिकवलं मला हे. आता कळलं न तुला, मला कोणावर राग आहे?

अंशुल भैया ते पान दाखवून गेले त्याच दिवशी मी स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत होती. पिहू तिच्याजवळ, "मामा कुठे, मामा कुठे." आई म्हणे, "मामा झोपला आहे बाई."

माझ्या अंगात काय आलं माहीत नाही. मी म्हटलं, "आई, बंटी पहिले दोनदा पडला होता. मला माहीत होतं. त्यानं शपथ घातली होती म्हणून मी सांगितलं नाही." एका दमात. अन् चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली, मटाराच्या टरफलांवर.

मला वाटलं मारन. मारलं असतं तर बरं झालं असतं. आईनं शेंग हातातच धरून ठेवली, सोले नाही, टाके नाही. मंग म्हणे, "तुझे बाबा भी पडले होते. फॅक्टरीच्या पहिले. एकदा अंगणात, एकदा बाजारात. मला म्हणे, पोरांना सांगू नको, घाबरतील."

बंटी, तुला म्हणून सांगते, मी हसली. रडता रडता हसली. बाबांपासून तेच तेच चालून राहिलं होतं, आपल्याच घरात, अन् आपण जपानच्या माणसाला नावं ठेवत होतो. लू लागली म्हणे! काय लू लागली.

काल गेलो आम्ही तिघी. पहिले माझा इको झाला, मंग पिहूचा. तिच्या छातीला तो थंड चिकट पदार्थ लावला, ती किंचाळली, "मामा! मामा!" हे तिचं नेहमीचं, काही झालं की तुलाच बोलावते. मशीनवाली बाई आपली लिहून राहिली होती, मान वर न करता विचारलं, "घर में किसी को दिल की बीमारी? कोई अचानक गिरा हो, बेहोश हुआ हो?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. अन् मी पाहिलं आईच्या तोंडावर ते "नाही" येऊन राहिलं होतं, सवयीचं. माझ्या भी आलं होतं. किती सोपं आहे न ते.

मी म्हटलं, "लिखिए. मेरे बाबा. दो बार गिरे, तीसरी बार में गए। मेरा भाई, बाईस साल का. दो बार गिरा, तीसरी बार मेरे सामने गया। मुझे मालूम था। मैंने बताया नहीं।"

बाईनं मान वर केली. आई पिहूला थोपटत म्हणत होती, "चूप, चूप माझी बाय, मामा झोपला आहे, उठला की येईल." मी म्हटलं, "आई, नाही." मंग पिहूच्या कानाशी वाकली. म्हटलं, "मामा मेला पिहू. आता येणार नाही. मी आहे इथं." ती दोन वर्षांची, तिला काय कळलं. पण माझं बोट पकडलं अन् मशीन चालू होती तितका वेळ चूप पडली. पडद्यावर तिचं हृदय उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. मी सगळं पाहिलं. डोळे नाही मिटले.

तर घे, जिंकला तू. तो झिपऱ्या बरोबर होता, तो लेखक बरोबर होता, बहीण मेली असेल तर माणूस दर वेळी तीच तीन पानं काढन. आता तोंड वर करून हसू नको. मी तुला माफ नाही केलं. शपथेसाठी तर बिल्कुल नाही, अन् ती मी तोडली, पिहूच्या डोक्यावरची, अन् पहा, तिला काही झालं नाही. माझ्या मराठीत बोलणारे राक्षस तू दिले, त्याच्यासाठी मी कोणाला थँक्यू म्हणू? तुलाच न? म्हणत नाही. आज नाही.

दोघींचा रिपोर्ट उद्या बारा वाजता मिळते. इंग्रजीत असते. अंशुल भैयाला सांगितलं आहे, बँकेतून सुट्टी घेऊन येतील. त्यांना म्हटलं आहे, माझ्याकडे पाहायचं नाही, आईकडे पाहायचं नाही, जे छापलं असन ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत तसंच वाचायचं.

व्हाइटनरची बाटली मी फेकली आज. अर्धी भरली होती.